कॅनडाला जाताना मिक्सर, फ्रिज, टीव्ही न्यायचे का? आधी तळाचं लेबल वाचा

बेळगावातल्या टिळकवाडीच्या एका ताईंनी विचारलंय, त्याचा मथितार्थ असा. नवरा, बायको आणि चार वर्षांचा मुलगा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन टोरांटोजवळ राहायला निघालेत. घरात ७५० वॅटचा मिक्सर, टेबलटॉप वेट ग्राइंडर, ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेला इन्व्हर्टर फ्रिज, ५५ इंची टीव्ही, फ्रंट लोड वॉशिंग मशिन, इंडक्शन, इस्त्री, लेझर प्रिंटर, मुलाचा नेब्युलायझर आणि दोन लॅपटॉप आहेत. दुबईचे दीर सांगतात, “आम्ही सगळं नेलं, नुसते टॉप (प्लग) बदलले.” सासूबाईंचं म्हणणं, काही नाही नेलं तरी चालेल पण मिक्सर न्याच. आणि खडेबाजारात एकानं मिक्सरची मोटर ११० व्होल्टवर रीवाइंड करून देतो म्हणून सांगितलंय. तर काय न्यावं, काय विकावं?

सगळे जण पिनेचा विचार आधी करतात. खरं तर पिन हा यातला सगळ्यात किरकोळ भाग, दोन-तीन डॉलरमध्ये सुटणारा. अडचण भिंतीतून येणाऱ्या विजेची आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा दिशा पालटून परत येते तो आकडा). दुबईतही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच, फक्त तिथल्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात. म्हणून दिरांचं सगळं चाललं आणि ते सांगतात त्यात काही खोटं नाही. कॅनडात आणि अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ येतात. दुबईचा अनुभव तिथं उपयोगी पडत नाही.

निम्म्या व्होल्टेजवर वस्तू निम्मं काम करेल असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण तापणाऱ्या वस्तूत ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. १२० भागिले २३० याचा वर्ग केला की साधारण ०.२७ येतो. म्हणजे १००० वॅटची इस्त्री तिथं २७० वॅटची होते, कॉटनचा शर्ट सरळ होणार नाही. १५०० वॅटची किटली ४०० वॅटवर येते, चहाचं पाणी उकळायला चौपट वेळ. पंख्यासारख्या साध्या मोटरचा जोरही याच हिशेबात पाव उरतो. उलट तिथली १२० व्होल्टची वस्तू सुट्टीत इथं आणून २३० ला लावली, तर पावणेचार पट भार पडून ती काही सेकंदांत जाते. सुट्टीला येताना हे लक्षात ठेवा.

म्हणून पहिलं काम हे करा. घरातली प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा. मिक्सरचं लेबल तळाला असतं, टीव्हीचं मागच्या बाजूला, फ्रिजचं आतल्या भिंतीवर किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ, लॅपटॉपचं चार्जरच्या पोटावर. त्यावर बहुधा चारपैकी एक मजकूर सापडेल.

‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर ती वस्तू जगात कुठंही चालते. मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे चार्जर बहुतेक याच जातीचे. नुसतं ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ असेल तर ती कॅनडासाठी नाही. तिसरा प्रकार जुन्या वस्तूंवर दिसतो, ‘११०/२२०’ आणि बाजूला सरकवायचं बटण. ती चालते, पण बटण सरकवायचं विसरलं की वस्तू गेली.

चौथा प्रकार लोकांना फसवतो, म्हणून नीट बघा. ‘२२०–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ.’ साठचा आकडा बघून माणूस समजतो की अमेरिका-कॅनडात चालेल. त्याचा अर्थ फक्त एवढाच की हर्ट्झ बदलले तरी चालतं, व्होल्ट मात्र २२० च्या पुढेच हवेत. सौदी अरेबियात २३० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ आहेत, ही वस्तू तिथं चालेल. टोरांटोत नाही.

आता मिक्सर, कारण सासूबाईंचा जीव त्यात अडकलाय आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तिकडच्या ब्लेंडरची रचना पाण्यासारखं पातळ करण्यासाठी असते. ओल्या खोबऱ्याचं घट्ट वाटण, लसणीची चटणी, सुकी ब्याडगी मिरची हे त्याचं काम नव्हे. भांडं उंच आणि निमुळतं, त्यामुळं थोडं वाटण पात्याच्या वर चिकटून बसतं आणि पातं खाली रिकामं फिरतं. तेव्हा आपल्या पद्धतीचा मिक्सर लागणारच. फक्त तुमचा आत्ताचा नको.

मिक्सरची मोटर ब्रशवाली असते, तिला हर्ट्झचं फारसं देणंघेणं नसतं. पण १२० व्होल्टवर वेग निम्म्याच्या आसपास येतो आणि जोर त्याहून कमी. पाणी घातलं तर फिरल्यासारखा वाटेल. खोबरं घातलं की अडेल. अडलेल्या मोटरमधून करंट वाहत राहतो आणि वारा देणारा पंखा मात्र फिरत नाही, कारण तो त्याच शाफ्टवर असतो. मग वास येतो, तळाचं लाल ओव्हरलोड बटण बाहेर पडतं. ते दाबून दाबून पुन्हा चालवलं की वाइंडिंग जळतं.

यावर ट्रान्सफॉर्मर हा उपाय लोक सुचवतात. १२० चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मिळतो आणि मिक्सर त्यावर व्यवस्थित चालतो, हेही खरं. पण हिशेब करून बघा. ७५० वॅटच्या मिक्सरला सुरू होताना कितीतरी पट करंट लागतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर निदान १५०० व्होल्ट-अँपिअरचा हवा. त्याचं वजन सात-आठ किलोच्या पुढं. ओट्यावर तो कायम ठेवायला जागा हवी, काम नसताना चालू राहिला तर नुसता तापतो, म्हणून दरवेळी काढून ठेवायचा. त्याहून मोठा २००० चा घेतला तर पूर्ण भारावर तो १२० व्होल्टच्या बाजूनं जवळपास १७ अँपिअर ओढेल. तिथल्या साध्या सर्किटचा ब्रेकर १५ अँपिअरचा असतो. मिक्सर एकटा तेवढा ओढणार नाही, पण मोठा ट्रान्सफॉर्मर नुसता चालू करतानाच ब्रेकर पाडू शकतो. आणि ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ नावाची मूठभर आकाराची हलकी डबी कुणी दिली तर ती मोटरला आणि इलेक्ट्रॉनिक्सला अजिबात लावू नका. ती साध्या हीटरपुरती असते.

रीवाइंडिंगचं काय? वाइंडिंगवाला खोटं बोलत नाही, तसं करता येतं. व्होल्ट निम्मे, म्हणून वेढे निम्मे आणि तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट. आर्मेचर (फिरणारा भाग) आणि फील्ड (स्थिर भाग) दोन्ही नव्यानं भरावे लागतात. फक्त एक गुंडाळून भागत नाही. एवढं नीट केलं तरी करंट दुप्पट होतो, आणि ब्रश, कम्युटेटर, वेगाचं फिरवायचं स्विच, आतली बारीक वायर हे सगळं जुन्याच करंटसाठी बनवलेलं असतं. ब्रश लवकर झिजतात, स्विचचे पॉइंट जळतात. परदेशात हे उघडून दुरुस्त करणारा गल्लीत भेटत नाही. त्या पैशांत नव्या मिक्सरचा बराचसा भाग वसूल होतो. करू नका.

सरळ रस्ता असा की भारतीय कंपन्याच उत्तर अमेरिकेसाठी ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचे मिक्सर बनवतात. प्रीतीचे तर टोरांटोच्या परिसरातल्या भारतीय दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. लेबलवर ११० लिहिलेलं असलं तरी १२० वर चालण्यासाठीच ते असतात. तिथं घेतलात तर वॉरंटी तिथली मिळते, हा मोठा फायदा. इथून न्यायचाच असेल तर दुकानात आधी सांगून ११० व्होल्टचा मागवा, आणि खोका फोडून लेबल स्वतः वाचा. दुकानात तो चालवून बघता येणार नाही. ‘एकदा लावून बघूया’ म्हणून २३० च्या सॉकेटला लावलात तर तिथंच जळेल.

सोबत न्यावं असं म्हणजे सुटे भाग, आणि ते अगदी त्याच मॉडेलचे. दोन कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा भाग), झाकणांच्या दोन-तीन रबरी रिंगा, चटणीच्या भांड्याचं एक जादा पातं, कार्बन ब्रशची एक जोडी. सगळं मिळून पाव किलो होत नाही. तिथं मिक्सर बंद पडतो तो बहुधा एवढ्याशा कपलरसाठी.

वेट ग्राइंडरची मोटर निराळी, इंडक्शन जातीची. तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट २३० केले तरी हर्ट्झ ६० च राहतात, कारण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. मग दगड २० टक्के जास्त वेगानं फिरतात, मोटरची ओढ कमी होते आणि पीठ तापतं. हळू आणि थंड वाटणं हाच ग्राइंडरचा गुण, तोच जातो. शिवाय दगडांमुळं एक अख्खी बॅग त्यातच संपते. कोइमतूरचे ११० व्होल्टचे ग्राइंडर तिकडे मिळतात. आठवड्याला एकदाच इडली-डोसा होत असेल तर पहिलं वर्ष मिक्सरवरच काढा. आंबवण्यासाठी थंडीत पिठाचं भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला नुसता दिवा लावायचा, रात्रीत फुगतं.

फ्रिजबद्दल ताईंची शंका फार चांगली आहे. लेबलवर १०० ते ३०० व्होल्ट लिहिलंय, मग १२० वर का चालू नये? इन्व्हर्टर फ्रिजमध्ये आलेल्या विजेचं आधी डीसी होतं आणि मग कॉम्प्रेसर चालतो, त्यामुळं तो १२० वर सुरू होण्याची शक्यता खरंच आहे. पण तो पट्टा आपल्याकडं विजेचा दाब मधूनमधून खाली-वर होतो त्यासाठी दिलेला असतो. कायम १२० वर ठेवलं तर तेवढीच थंडी करायला सर्किट सतत दुप्पट करंट ओढत राहतं. हर्ट्झच्या रकान्यात बहुधा ५० च लिहिलेलं असतं, बोर्ड गेला तर तो तिथं मिळत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गरजच नाही. ओंटारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, भाड्याच्या घरात फ्रिज आणि शेगडी-ओव्हन बहुतेक वेळा घरासोबतच येतात. विका.

वॉशिंग मशिन, इंडक्शन, इस्त्री, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह, गिझर, पंखे यांच्यावर वेळ घालवू नका. सगळं २३० व्होल्टचं. तिथल्या बऱ्याच इमारतींत धुण्याची मशिनं सामायिक असतात आणि स्वतःचं मशिन बसवायला परवानगीच नसते.

टीव्हीचं लेबल बहुधा १००–२४० चं निघेल, म्हणजे विजेची अडचण नाही. आतला अँटेनाचा ट्यूनर मात्र तिथं बिनकामाचा, कारण कॅनडा-अमेरिकेत एटीएससी पद्धतीचं प्रक्षेपण आहे आणि आपल्याकडचे टीव्ही डीव्हीबी पद्धतीचे. एचडीएमआयला स्ट्रीमिंगची काडी लावली की चित्र दिसेल. तरी ५५ इंची नेऊ नका. विमानाच्या बॅगेत तो जात नाही, आणि कंटेनरमध्ये उभाच राहायला हवा. कुणी आडवा ठेवून वर काही रचलं की पॅनल जातं. पॅनल म्हणजेच जवळपास सगळा टीव्ही. त्याची वाहतूक, विमा आणि लाकडी पेटी यांचा खर्च मांडला तर तिथं नवा घेणं परवडतं.

लेझर प्रिंटर नको. त्यातला फ्यूजर म्हणजे कागदावर पावडर वितळवणारा हीटर, तो २३० चाच असतो. इंकजेट असता तर व्होल्टेज जमलं असतं, पण काही कंपन्यांची शाईची काडतुसं प्रदेशानुसार बांधलेली असतात, तिथली काडतुसं इथला प्रिंटर घेत नाही.

मुलाच्या नेब्युलायझरकडं विशेष लक्ष द्या. घरगुती, घुर्र आवाज करणारा कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. १२० वर हवेचा पुरेसा दाब तयार होत नाही. धूर थोडा निघतो, त्यामुळं औषध जातंय असं वाटतं, पण पुरेसं जात नाही. मुलाच्या श्वासाचा प्रश्न आहे, इथं अंदाजपंचे चालणार नाही. यूएसबीवर किंवा सेलवर चालणारा मेश (बारीक जाळीतून औषधाची वाफ करणारा) नेब्युलायझर निघण्याआधी घ्या, आठवडाभर इथंच वापरून बघा, डॉक्टरांना दाखवा, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि तो हातातल्या बॅगेत ठेवा. पुढं सासूबाई राहायला येतील आणि ग्लुकोमीटर आणतील तर आणखी एक. आपल्याकडं साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, कॅनडात मिलिमोलमध्ये. तिथला आकडा १८ नं गुणला की आपला येतो. तिथला ७ म्हणजे आपला १२६.

लॅपटॉप आणि चार्जर न्याच. त्यांच्यासाठी ढीगभर अडॅप्टर घेऊ नका, वायर बदला. चार्जरच्या विटेत घुसणारं टोक जगभर सारखंच असतं. लॅपटॉपचं बहुधा तीन पाकळ्यांचं, लहान उपकरणांचं इंग्रजी आठासारखं. तिकडची वायर घेतली की काम झालं. बरेच जण इथला एक्स्टेंशन बोर्ड नेतात आणि त्याला तिथला टॉप बसवतात. चार्जरपुरतं ठीक. पण आपला साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. त्यावर तिथला १५०० वॅटचा रूम हीटर लावला तर साडेबारा अँपिअर वाहतात आणि बोर्ड वितळतो. पहिल्याच हिवाळ्यात होणारी चूक आहे ही. हीटर नेहमी थेट भिंतीच्या सॉकेटला.

ओंटारिओचा एक नियमही माहीत असू द्या. तिथं विजेच्या वस्तूवर मान्यताप्राप्त सुरक्षा चिन्ह लागतं, सीएसए किंवा कॅनडासाठीचं यूएल वगैरे. आपल्या वस्तूंवर आयएसआय असतं, ते तिथं धरलं जात नाही. आग लागली तर घरमालक आणि विमा कंपनी पहिली हीच गोष्ट काढतील. तिथं घेतलेल्या मिक्सरवर हे चिन्ह असायला हवं, घेताना बघा. गावठी रीवाइंड केलेल्यावर नसतं.

मोबाईलसाठी कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचे एलटीई बँड (४जी सिग्नलचे पट्टे) बघा. कॅनडात १२, १३, १७, ६६ आणि ७१ हे कामाचे. भारतात विकलेल्या बऱ्याच फोनमध्ये यातले काही नसतात, मग शहरात रेंज मिळते आणि तळघरात किंवा गावाबाहेर जाते. आणि इथलं सिम रोमिंगसह चालू ठेवूनच निघा. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, तिथं गेल्यावर ते सुरू करून घेणं फार कटकटीचं होतं.

सामानाचं. सांब्र्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट परदेशी विमान नाही, तेव्हा बेंगळुरू, मुंबई किंवा गोवा गाठावं लागतं. सांबरा ते मुंबई हे तिकीट वेगळं काढलंत तर त्यावर देशांतर्गत नियम लागतो, माणशी साधारण १५ किलो. तुमच्या २३ किलोच्या दोन-दोन बॅगा तिथंच अडतील आणि जादा वजनाचे पैसे मिक्सरच्या किमतीवर जातील. एकाच तिकिटात पूर्ण प्रवास घ्या, नाहीतर गाडी करून मुंबईला जा. मिक्सरची पाती असलेली भांडी चेक-इनमध्ये, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, याच्या उलट कधीच नाही. पॉवर बँक १०० वॅट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॅट-अवर. आकडा पुसलेली असेल तर काढून घेतात.

पीआरवर पहिल्यांदा उतरताना सोबतच्या आणि मागून येणाऱ्या सामानाची अशा दोन याद्या, प्रत्येकी दोन प्रतींत, कस्टमला द्यायच्या असतात. बीएसएफ१८६ हा त्याचा फॉर्म. मेक, मॉडेल, सिरियल नंबर आणि किंमत लिहा. वस्तू आधीपासून तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या हव्यात. मागून येणाऱ्याची यादी त्या दिवशी दिली नाही तर पुढं त्याच सामानावर कर लागू शकतो. लेबलचे जे फोटो काढाल, ते इथंही कामाला येतात.

याच प्रश्नात कुणी लंडन, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला जाणारे असतील तर त्यांचं गणित उलटं. तिथं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, म्हणजे इथला मिक्सर चालतो, फक्त टॉप बदला. ब्रिटनच्या टॉपमध्ये फ्यूज असतो, ७०० वॅटपर्यंत ३ अँपिअरचा, पुढं १३ चा. जर्मनीत भाड्याची घरं बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतात, त्यामुळं तिथं जाणाऱ्यानं इंडक्शनही न्यायचा विचार करावा.

राहिलं ते मागं ठेवायचं सामान. दोन-तीन वर्षांनी बघू म्हणून टीव्ही-फ्रिज कपड्यात गुंडाळून बंद खोलीत ठेवणं म्हणजे ते सावकाश घालवणं. बेळगावचा पावसाळा, त्यात खानापूर-जांबोटीकडचं घर असेल तर बोलायलाच नको, बोर्डावर हिरवट चढतं आणि कपॅसिटर फुगतात. फ्रिज निघण्याच्या दोन दिवस आधी द्या, पण द्या. सासूबाईंकडं राहणार असेल तर चालू ठेवा. बंद ठेवायचाच झाला तर पुसून कोरडा करून दार दोन बोटं उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी येते. टीव्ही आठवड्यातून तासभर चालू दे. रिमोटचे सेल काढा. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र जोडलेली आणि चार्जवरच असू द्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर कुठल्या खुणेपर्यंत घालायचं ते सासूबाईंना नव्हे, शेजारच्या कुणा तरुण पोराला दाखवून ठेवा, कारण त्या बॅटरीत ॲसिड असतं.